एकट्याच्या प्रवासात मन कुणाशी बोलतं?

साठच्या दशकात मुंबईत सागवानी लाकडाची एक छोटी शिडाची बोट बांधली गेली. लांबी ३२ फूट, नाव ‘सुहेली’. ती बांधून घेणारे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होते. हीच बोट घेऊन १४ जून १९६८ रोजी ते इंग्लंडमधल्या फाल्मथ बंदरातून एकटेच निघाले. कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालून ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, ते त्याच बंदरात परतले. असं करणारे ते जगातले पहिलेच.

‘गोल्डन ग्लोब’ नावाची ती स्पर्धा होती. नऊ जण निघाले आणि पूर्ण फक्त एकाने केली. काहींच्या बोटींनी दगा दिला. बर्नार्ड म्वातेसिए या फ्रेंच दर्यावर्द्याने जिंकण्याची चांगली संधी असताना स्पर्धेकडे पाठ फिरवली. आणि डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचा इंग्रज घरी परतलाच नाही. तोच समुद्र, तसाच एकांत, आणि तीन माणसांच्या मनाच्या तीन तऱ्हा.

या जुन्या गोष्टीची आठवण आज काढायचं कारण आहे. दीर्घकाळ एकट्याने प्रवास करणारी माणसं आता आपल्या ओळखीतही असतात. कुणी नोकरी सोडून सहा महिने दुचाकीवर देश पालथा घालतं, कुणी निवृत्तीनंतर एकट्याने नर्मदा परिक्रमेला निघतं, कुणी पाठीवर सॅक टाकून परदेशात फिरत राहतं. त्यांचे फोटो आपण पाहतो. प्रवासाला निघताना टायरपासून विम्यापर्यंत सगळ्याची तयारी होते. मनाची मात्र होईलच असं नाही. इतक्या दिवसांच्या एकांतात मनाचं काय होतं, याबद्दल विज्ञानाला आता बरंच काही ठाऊक आहे.

रिकामं मन

काहीही न करता, एकट्याने नुसतं बसणं किती अवघड असतं? अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ टिमथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हे तपासलं. माणसांना एका खोलीत १५ मिनिटं एकटं बसवलं. फोन नाही, पुस्तक नाही. सोबत फक्त आपले विचार आणि एक बटण. ते दाबलं की विजेचा सौम्य पण नकोसा झटका बसणार. हा झटका टाळण्यासाठी आम्ही पैसेही मोजू, असं याच लोकांनी आधी सांगितलं होतं. तरीही १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी सहा जणींनी निदान एकदा तरी ते बटण दाबलं.

त्याच्याही कितीतरी आधी, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब यांच्या प्रयोगशाळेत याहून कठोर प्रयोग झाला. विद्यार्थ्यांना पैसे देऊन खोलीत झोपवून ठेवलं. डोळ्यांवर धूसर आवरण, हातांवर जाड वेष्टण, कानावर एकसुरी आवाज. बहुतेकांना दोन-तीन दिवसांपलीकडे हे सोसवलं नाही. विचार एका जागी ठरेनात आणि काहींना नसलेली चित्रं दिसू लागली.

मेंदूला बाहेरून काही मिळेनासं झालं की तो आतून तयार करू लागतो, असा याचा अर्थ. रोजच्या आयुष्यात ऑफिस, घर, शेजारी, फोन यांच्या गलबल्यात दबलेले विचार एकट्याच्या प्रवासात वर येतात. जुनी भांडणं, गेलेली माणसं, आपण घेतलेले आणि न घेतलेले निर्णय. पहिल्या काही आठवड्यांत नव्या जागांचं कौतुक त्यांना झाकून ठेवतं. कौतुक ओसरलं की ते समोर येऊन बसतात. कारण नसताना रडू येणं, क्षुल्लक गोष्टीवर चिडणं, सुंदर देखाव्यासमोर उभं राहूनही काहीच न वाटणं, हे सगळं तेव्हा होऊ शकतं. त्यात विपरीत काही नाही.

न दिसणारा सोबती

जोशुआ स्लोकम हे एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले दर्यावर्दी. १८९५ ते १८९८ या काळात त्यांनी ‘स्प्रे’ या बोटीतून ती पूर्ण केली. अझोर्स बेटांवरून मिळालेले आलुबुखार आणि पांढरं चीज खाऊन त्यांच्या पोटात एकदा भयंकर कळा आल्या. ते केबिनमध्ये आडवे झाले. शुद्धीवर येऊन पाहतात तर बाहेर वादळ आणि सुकाणूपाशी एक उंच, परका माणूस. कोलंबसच्या ताफ्यातल्या ‘पिंटा’ जहाजाचा मी वाटाड्या, अशी त्याने ओळख करून दिली. दुसऱ्या दिवशी बोट अगदी योग्य दिशेने चाललेली होती. स्लोकम यांनी हा प्रसंग आपल्या पुस्तकात खुशाल लिहून ठेवला आहे.

१९३३ मध्ये एव्हरेस्टवर एकट्याने चढणाऱ्या फ्रँक स्माइद यांना आपल्यासोबत कुणीतरी आहे, असं सतत जाणवत होतं. इतकं, की खिशातल्या पुदिन्याच्या गोड वडीचे दोन तुकडे करून एक देण्यासाठी ते मागे वळले. मागे कुणीही नव्हतं.

ही भुताटकी नव्हे आणि वेडही नव्हे. स्वित्झर्लंडमधील मेंदूतज्ज्ञ ओलाफ ब्लांके यांच्या गटाने २०१४ मध्ये असा ‘सोबती’ प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवला. डोळे बांधलेल्या निरोगी माणसाने समोरचं उपकरण हाताने हलवायचं आणि मागच्या यंत्राने त्याच वेळी त्याच्या पाठीला तसाच स्पर्श करायचा. दोन्ही एकाच वेळी झालं तर आपणच आपल्या पाठीला हात लावतोय असं वाटतं. पण स्पर्शाला अर्ध्या सेकंदाचा उशीर केला की आपल्या मागे दुसरंच कुणी उभं आहे, असं काहींना जाणवू लागलं. काही जण इतके घाबरले की त्यांनी प्रयोग थांबवायला सांगितलं. आपलं शरीर नेमकं कुठे आहे, याचा हिशेब मेंदू सतत ठेवत असतो. तो हिशेब जरा चुकला तर आपल्याच शरीराची जाणीव परक्या माणसासारखी भासते.

अपुरी झोप, उपासमार, थंडी, ताप, उंचावरची विरळ हवा यांपैकी काहीही हा हिशेब बिघडवू शकतं. त्यातही झोप सर्वांत महत्त्वाची. एकट्याने बोट हाकणाऱ्यांना सलग झोपता येत नाही. अर्ध्या-पाऊण तासाच्या डुलक्यांवर भागवावं लागतं. जमिनीवरच्या प्रवाशाचं असं नसतं, तरी रात्रीच्या बसचा प्रवास, अनोळखी खोली आणि दाराच्या कडीकडे लागलेलं लक्ष यांनी झोपेची उधारी साठत जाते. प्रवासात मन अचानक काळवंडलं, तर आयुष्याचा अर्थ शोधण्याआधी गेल्या तीन रात्री आपण किती तास झोपलो, हे मोजावं.

एकांत आणि एकाकीपणा

मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत, हे आपलं भाग्य. एकांत आपण निवडतो, एकाकीपणा आपल्याला गाठतो. शिकागो विद्यापीठातले जॉन कॅसिओपो यांनी उभी कारकीर्द एकाकीपणाच्या अभ्यासात घालवली. त्यांच्या मते एकाकीपणा ही भूक-तहानेसारखी सूचना आहे. कळपापासून तुटलेला माणूस एके काळी जिवाला मुकायचा. म्हणून तुटलेपणाची वेदना आपल्यात रुजली. ही सूचना माणसाला माणसांकडे परत नेण्यासाठी असते. पण ती दीर्घकाळ वाजत राहिली तर उलटंच घडतं. मेंदू सतत सावध राहतो, झोप तुटक होते आणि समोरच्या साध्या चेहऱ्यातही नकार दिसू लागतो. खानावळीतल्या पोऱ्याने नीट उत्तर दिलं नाही, एवढंही दिवसभर लागून राहतं. मग माणूस आणखी मिटतो.

एकाकीपणा किती बोचेल, हे आसपास किती माणसं आहेत यावर ठरत नाही. आपली खरी अवस्था ज्याला सांगता येईल असं कुणी आहे का, यावर बरंच काही अवलंबून असतं. क्रोहर्स्ट यांच्या बाबतीत नेमकं तेच उरलं नव्हतं.

खरं सांगायला कुणीच नाही

क्रोहर्स्ट यांचा इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा व्यवसाय अडचणीत होता. पत्नी आणि चार मुलं घरी होती. बोटीसाठी पैसे लावणाऱ्याशी झालेला करार असा, की स्पर्धा अर्धवट सोडली तर बोट त्यांनाच विकत घ्यावी लागली असती, म्हणजे दिवाळं निघालं असतं. स्पर्धेत उतरण्याच्या शेवटच्या दिवशी, ३१ ऑक्टोबर १९६८ रोजी, अपुऱ्या तयारीनिशी ते निघाले. काही आठवड्यांतच त्यांना कळून चुकलं, की ही गळकी बोट दक्षिणेच्या महासागरात टिकणार नाही. पुढे जाणं म्हणजे मरण, मागे फिरणं म्हणजे नाचक्की.

त्यांनी तिसरी वाट धरली. वायरलेसवरून ते खोटी ठिकाणं कळवू लागले. एका दिवसात विक्रमी अंतर तोडल्याचा दावा केला. प्रत्यक्षात ते अटलांटिकमध्येच घुटमळत होते. बोट दुरुस्त करण्यासाठी तर ते नियम मोडून गुपचूप अर्जेंटिनाच्या किनाऱ्याला लागले. इतर बोटी वळसा घालून परत येतील तेव्हा शेवटचा क्रमांक घेऊन आपण मुकाट्याने घरी जायचं, असा त्यांचा बेत असावा. शेवटी येणाऱ्याच्या वह्या कोण तपासणार?

पण मे १९६९ मध्ये पुढे असलेल्या नायजेल टेटली यांची बोट बुडाली. क्रोहर्स्ट मागून वेगाने येत आहेत, या समजापोटी त्यांनी ती नको तितकी ताणली होती. आता कमीत कमी वेळाचं बक्षीस क्रोहर्स्ट यांच्याकडे चालून येणार होतं. इंग्लंडमध्ये स्वागताची तयारी सुरू झाली. जिंकलं तर वह्या तपासल्या जाणार. त्यानंतरच्या काही दिवसांत त्यांनी वहीत हजारो शब्द लिहिले. त्यातून त्यांचं मन वास्तवापासून सुटत गेल्याचं दिसतं. शेवटची नोंद १ जुलैची. १० जुलैला रिकामी बोट सापडली. ते कधीच सापडले नाहीत. नॉक्स-जॉन्स्टन यांनी आपलं ५,००० पौंडांचं बक्षीस क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबाला दिलं.

क्रोहर्स्ट आठ महिने एकटे होते. नॉक्स-जॉन्स्टन त्याहून जास्त. फरक कुठे पडला? एकच एक कारण सांगणं चुकीचं ठरेल. कर्ज, अपमानाची भीती, झोप, स्वभाव, सगळ्याचाच वाटा असणार. पण खोटं बोलायला लागल्यापासून घरच्यांशी होणारं बोलणंसुद्धा त्यांना सोबत देईनासं झालं, एवढं नक्की. वायरलेस सुरू असताना ते जास्त एकाकी होते.

अमेरिकी नौदलाचे ॲडमिरल रिचर्ड बर्ड यांची गोष्टही याच वळणाची. १९३४ च्या हिवाळ्यात अंटार्क्टिकावर मुख्य तळापासून सुमारे २०० किलोमीटर दूर, बर्फात गाडलेल्या खोलीत ते एकटे राहिले. शेगडीतून आणि इंजिनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूने त्यांना विषबाधा होऊ लागली. अशक्तपणा, निराशा, गोंधळलेले विचार सुरू झाले. काळोख्या थंडीत सुटकेसाठी येताना साथीदारांचा जीव जाईल, म्हणून त्यांनी हे वायरलेसवर लपवलं. पण विस्कळीत होत गेलेल्या संदेशांवरून साथीदारांना संशय आला. ते ऑगस्टमध्ये त्यांच्यापर्यंत पोचले, म्हणून बर्ड वाचले. बर्ड यांच्या मनाची ती अवस्था बरीचशी विषारी वायूने झाली होती, हेही यात लक्षात ठेवण्यासारखं. आपण मनाचा कमकुवतपणा समजतो तो कधी कधी शरीराचा आजार असतो.

ज्यांना जमलं

नॉक्स-जॉन्स्टन यांचं वायरलेस मध्येच बिघडलं. न्यूझीलंड सोडल्यावर चार महिन्यांहून अधिक काळ ते जिवंत आहेत की नाहीत, हेही कुणाला माहीत नव्हतं. निघण्यापूर्वी आणि परतल्यावर मानसोपचारतज्ज्ञाने त्यांना तपासलं. दोन्ही वेळा निष्कर्ष एकच, माणूस अगदी सर्वसाधारण आहे! त्यांच्या दिवसाला कामांचा आकार होता. गळती बुजवणं, शिडं शिवणं, मोडलेलं पुन्हा जोडणं. राग आला की तो वहीत उतरायचा.

वहीचा हा उपयोग किरकोळ नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातले मॅथ्यू लिबरमन यांनी २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनमधून दाखवलं, की नकोशा भावनेला नुसतं शब्दांत नाव दिलं तरी भीतीशी निगडित असलेल्या ‘अमिग्डला’ या भागाची खळबळ कमी होते. अट एकच, वहीत खरं लिहायचं.

म्वातेसिए यांची तऱ्हा निराळी. त्यांना एकांत मानवला. ते योगासनं करत, पक्ष्यांकडे पाहत. केप हॉर्न ओलांडल्यावर गर्दीत आणि प्रसिद्धीत परत जाणं नको वाटून त्यांनी बोट पुढेच हाकली आणि थेट ताहिती गाठलं. पण तसं त्यांनी कळवलं. केपटाऊनजवळ एका जहाजावर गलोलीने चिठ्ठी भिरकावून आपण स्पर्धा सोडत असल्याचा निरोप दिला. निर्णय जगाला विचित्र वाटला, तरी त्यात लपवाछपवी नव्हती.

आपल्याकडेही ही परंपरा आहे. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ बोटीतून, चार थांबे घेत, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली; असे ते पहिले भारतीय. त्याच बोटीतून २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी मुंबईहून निघून न थांबता प्रदक्षिणा केली. २०१८ मध्ये जुन्या ‘गोल्डन ग्लोब’च्या स्मरणार्थ पुन्हा स्पर्धा झाली, तेव्हा टॉमी ‘सुहेली’च्याच धर्तीवर गोव्यात बांधलेली ‘तुरीया’ घेऊन उतरले. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात डोलकाठी मोडली आणि त्यांच्या मणक्याला गंभीर इजा झाली. चालता येत नाही, स्ट्रेचर लागेल, असं त्यांनी छोट्या संदेशांतून स्पष्ट कळवलं. तिसऱ्या दिवशी एका फ्रेंच जहाजाने त्यांना सोडवलं. पुढच्या स्पर्धेत, २०२३ मध्ये, २३६ दिवस एकट्याने बोट हाकून ते दुसरे आले. मदत मागितल्याने त्यांची हिंमत उणी ठरली नाही.

नर्मदा परिक्रमेत याच गरजेची पिढीजात सोय आहे. एकट्याने चालणाऱ्यालाही वाटेत ‘नर्मदे हर’ म्हणणारा भेटतो, सदावर्तात जेवण मिळतं, आश्रमात विचारपूस होते. आणि ज्या नदीच्या कडेने चालायचं तिच्याशी ‘मैया’ म्हणून बोलता येतं.

परतल्यावर

सगळ्यांत दुर्लक्षित टप्पा परतीचा. घर तेच असतं, आपण थोडे बदललेले असतो. लोक दोन दिवस कौतुकाने विचारतात, मग आपापल्या कामाला लागतात. रोजचं जगणं बेचव वाटतं, गर्दीचा त्रास होतो, हे कुणाला कळत नाही म्हणून चिडचिड होते. काही आठवडे असं होणं स्वाभाविक आहे. घरच्यांनी ‘आता पुरे झालं फिरणं, कामाला लागा’ म्हणण्याऐवजी ऐकून घ्यावं. अवघड दिवस कोणते होते, हेही विचारावं. फोटोंत ते दिवस नसतात.

निघण्यापूर्वी

घरात किंवा मित्रांत एक माणूस ठरवा, ज्याच्याशी खोटं ‘मस्त चाललंय’ म्हणायचं नाही. आठवड्यातून निदान एकदा त्याच्याशी आवाजी बोलणं व्हावं. नुसते फोटो पाठवणं म्हणजे बोलणं नव्हे. मध्येच परत यायची मुभा स्वतःला आधीच देऊन ठेवा आणि तसं घरी सांगूनही ठेवा. परतीच्या भाड्याचे पैसे वेगळे असू द्या. दिवसाला उठणं, खाणं, चालणं, लिहिणं अशी ढोबळ घडी असावी. दर काही आठवड्यांनी एका जागी चार दिवस मुक्काम करा; त्याच टपरीवर चहा घ्या, चेहऱ्यांची ओळख होऊ द्या.

मानसिक आजाराची औषधं सुरू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नका. पुरेसा साठा आणि चिठ्ठी सोबत ठेवा. मलेरिया टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मेफ्लोक्विनसारख्या औषधाने काहींना तीव्र चिंता, भयंकर स्वप्नं किंवा भास होऊ शकतात. पूर्वी मानसिक त्रास झाला असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा.

आणि काही लक्षणांत थांबायलाच हवं. अनेक रात्री झोप नाही, खाणं सुटलं, दारू वाढली, लोक आपल्यावर पाळत ठेवतात असं वाटतंय, घरी सलग खोटं सांगावं लागतंय किंवा जगणं नकोसं वाटतंय. अशा वेळी पुढचं तिकीट काढू नका. जवळच्या डॉक्टरांकडे जा, घरी फोन करा. भारतात असाल तर ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक २४ तास सुरू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. प्रवास पुन्हा करता येतो. रस्ते कुठे जात नाहीत.